पत्रातून आलेला निकाल: हंगेरीचे रब्बी, कोकणातले ‘कर’ आणि तीन पिढ्यांचा पुरावा

(एपिसोडची ही लिखित आवृत्ती. बोलताना झालेलं अं-अं आणि मधेच वाजलेल्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

नांदेड-पुणे ट्रॅव्हल्समध्ये वरच्या स्लीपरवर आडवे होऊन ऐकणारे, लातूरच्या अभ्यासिकेतून दहा मिनिटं चहाला बाहेर आलेले, सगळ्यांचं स्वागत. नवीन कोणी असेल तर सांगतो, मी नांदेडचा, बीटेक केलंय, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि उरलेल्या वेळात असे कुठले कुठले विषय उकरत बसतो.

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, हे कामून? दोनशे वर्षांपूर्वी हंगेरीतले ज्यू धर्मपंडित एकमेकांना हातानं पत्रं लिहायचे. धर्मशास्त्राच्या अडचणी विचारायचे, उत्तरं द्यायचे. त्यातली काही मूळ पत्रं आज लिलावात विकली जातात. ठीक आहे, पण त्याचं आपल्याला काय?

सांगतो. ह्याच पद्धतीच्या पत्रव्यवहारात एका मराठी बोलणाऱ्या समाजाचं नशीब शे-दीडशे वर्षं अडकून पडलं होतं. आडनावं किहीमकर, दिवेकर, पेणकर. घरात मराठी, ताटात भात-मासे. आणि प्रश्न हा, की ह्यांच्या मुलामुलींशी लग्न केलेलं धर्माला चालतं का. उत्तरं आली बगदादहून, जेरुसलेमहून. शेवटी हे प्रकरण एका देशाच्या संसदेत गेलं. आणि ज्या पोरापोरींनी बारावीनंतर ‘व्हॅलिडिटी’साठी आजोबांच्या शाळेचा दाखला शोधलाय, त्यांना हा प्रश्न लगेच ओळखीचा वाटेल.

चला, क्रमानं जाऊ.

रब्बी नेमकं काय करतो?

रब्बी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पुजारी येतो. तसं नाही. रब्बी हा मुळात कायद्याचा जाणकार. ज्यू धर्मात रोजच्या जगण्याचे नियम आहेत: काय खायचं, शनिवारी काय करायचं नाही, लग्न कसं, घटस्फोट कसा, उधारी कशी. ह्या सगळ्या कायद्याला म्हणतात हलाखा. पुस्तकं भरपूर आहेत, पण आयुष्य पुस्तकापेक्षा भारी असतं. रोज नवी अडचण. मग गावातला रब्बी अडला की काय करणार? आपल्यापेक्षा मोठ्या जाणकाराला पत्र लिहिणार.

ह्या पत्रव्यवहाराचा एक अख्खा साहित्यप्रकार तयार झाला. हिब्रूत त्याचं नाव ‘शेएलोत उ-तेशुवोत’. अर्थ साधा आहे: प्रश्न आणि उत्तरं. हजार वर्षांहून जास्त काळ हे चालू आहे. प्रोग्रामर मंडळींना सांगायचं तर हे त्यांचं स्टॅक ओव्हरफ्लो. फक्त उत्तर यायला कधी कधी महिने लागायचे, आणि उत्तरावर कुणाचा तरी संसार अवलंबून असायचा.

हंगेरीत ह्याचं मोठं केंद्र होतं प्रेसबुर्ग. आजचं ब्रातिस्लाव्हा, स्लोव्हाकियाची राजधानी. तेव्हा ते हंगेरीच्या राज्यात होतं. तिथे १८०६ पासून १८३९ पर्यंत रब्बी होते मोशे सोफेर. जन्म फ्रँकफुर्टचा, १७६२ चा. त्यांच्या ग्रंथावरून लोक त्यांनाच ‘हतम सोफेर’ म्हणायला लागले. गावोगावचे रब्बी त्यांना विचारायचे. त्यांचे विद्यार्थी पुढे स्वतः मोठे झाले, जसे खुस्त गावचे मोशे शिक, आणि मग लोक त्यांना विचारायला लागले. आपल्याकडे ‘सर कुणाकडे शिकले’ हे विचारतात ना, अगदी तसं जाळं.

पत्र दिसायचं कसं?

हिब्रू म्हटलं की आपल्याला छापील चौकोनी अक्षरं आठवतात. ही पत्रं त्या अक्षरात नसायची. हातानं भरभर लिहायची वेगळी, वळणदार लिपी होती. त्यात संक्षेप इतके की एकेका ओळीत चार-पाच. नवखा माणूस हिब्रू येत असूनही अडकतो. आपली मोडी आठवा. मराठी येते म्हणून मोडी वाचता येते असं थोडंच आहे?

सुरुवातीला ज्याला पत्र लिहिलंय त्याची लांबलचक स्तुती. विद्वान, धर्मनिष्ठ, अमुक नगरीचे भूषण वगैरे. आपल्या जुन्या पत्रांतलं ‘सेवेसी’, ‘विज्ञापना’ वगैरे आठवलं की अंदाज येईल. तारीख बऱ्याचदा अशी, की त्या आठवड्यात प्रार्थनागृहात तोरा ग्रंथाचा कोणता भाग वाचला जातोय त्याचं नाव आणि वर्ष. शेवटी सही करताना मोठ्यातला मोठा रब्बी स्वतःला ‘लहान’ म्हणवून घेणार.

आता मला आवडलेली गोष्ट. प्रश्नात माणसांची खरी नावं बऱ्याचदा नसायची. रऊवेननं शिमोनकडून पैसे घेतले, लेआचं लग्न झालं, असं लिहायचे. ही नावं बायबलमधली, जागा भरायला वापरलेली. कोड लिहिणारे हसतील, कारण आपण ‘फू’ आणि ‘बार’ लिहितो ते हेच. गुपितही राहतं आणि नियम कुठल्याही माणसाला लावता येतो.

पण हाच मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हे उत्तर ‘कुठल्याही माणसाला’ लागू पडायला लागतं. पत्र लिहिताना ते एका माणसाच्या एका अडचणीवर असतं. मग उत्तर देणारा स्वतःच्या वहीत नक्कल ठेवतो. तो वारल्यावर मुलं, शिष्य त्या वह्या छापतात. हतम सोफेर यांची बहुतेक उत्तरं अशीच त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली. छापताना प्रश्नाचं मूळ पत्र बऱ्याचदा गळतं किंवा दोन ओळींत उरकतं. उत्तर राहतं. पुढच्या पिढीच्या हातात फक्त निकाल येतो. कुणी विचारलं होतं, काय सांगून विचारलं होतं, काय सांगायचं टाळलं होतं, हे कळायला मार्ग नाही.

नदीचं नाव चुकलं तर?

अशा पत्रांत भांडण कशावर व्हायचं, ह्याचं एक उदाहरण देतो. ज्यू कायद्यात घटस्फोट तोंडी होत नाही. नवऱ्यानं बायकोला लेखी पत्र द्यावं लागतं. त्याला म्हणतात ‘गेट’. दरवाजाचं गेट नाही, आणि आपलं कोडवालं गिट पण नाही. हे पत्र हातानंच लिहायचं, बारा ओळींत, आणि खास त्याच जोडप्यासाठी. छापील फॉर्म आणून नावं भरली असं चालत नाही.

त्यात नावं अगदी बिनचूक पाहिजेत. टोपणनावंसुद्धा. गावाचं नाव लिहायचं आणि ते गाव कोणत्या पाण्यावर वसलंय तेही लिहायचं. म्हणजे समजा असं पत्र नांदेडला लिहायची वेळ आली, तर ‘गोदावरी नदीकाठचं नांदेड’. लातूरला लिहायचं असेल तर? लातूरकरांनो, रागावू नका, २०१६ मध्ये तुमच्याकडे मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. पण त्याचीही सोय आहे, विहिरींच्या पाण्याचं गाव असं लिहिता येतं.

हसू येईल, पण स्पेलिंग चुकलं तर पत्र बाद होऊ शकतं. पत्र बाद म्हणजे ती बाई कायद्यानं अजून विवाहित. तिनं दुसरं लग्न केलं आणि मुलं झाली, तर त्या मुलांवर एक शिक्का बसतो: ‘मामझेर’. हा शब्द नीट समजून घ्या. लग्नाशिवाय झालेलं मूल असा त्याचा अर्थ नाही. विवाहित बाईला दुसऱ्या पुरुषापासून झालेलं मूल, किंवा रक्ताच्या निषिद्ध नात्यातलं मूल. अशा मुलाला इतर ज्यूंशी लग्न करता येत नाही. त्याच्या मुलांनाही नाही. पुढेही नाही. म्हणून नदीच्या नावावर रब्बी पानंच्या पानं लिहायचे.

हे आपल्याकडेही होतं

हे फक्त तिकडचं वेड आहे असं समजू नका. गोदाकाठानं हेच केलंय.

काशीत सोळाव्या-सतराव्या शतकात जे मोठे पंडित होते, त्यातले कितीतरी मूळचे आपल्या भागातले. भट्ट घराणं पैठणचं. आणि व्याकरणात दबदबा असलेलं शेष घराणं मूळचं आपल्या नांदेडचं मानलं जातं. त्यातल्या शेष कृष्णांनी ‘शूद्राचारशिरोमणि’ नावाचा ग्रंथ लिहिला. शूद्रांनी कोणते संस्कार करावेत ह्यावरचा ग्रंथ. लिहिणारा कोण आणि ज्यांच्यावर लिहिलं ते कोण, हे बघून ठेवा.

ही मंडळी काशीत गेली तरी महाराष्ट्राशी संबंध तुटला नाही. इकडे जातीचा, पंगतीचा, प्रायश्चित्ताचा वाद झाला की प्रश्न काशीला जायचा. तिकडे पंडितांची सभा बसायची आणि सह्या करून निर्णयपत्र पाठवायची. १६५७ चं असं एक निर्णयपत्र आहे. विश्वनाथ मंदिराच्या मुक्तिमंडपात सभा बसली होती. प्रश्न होता देवरुखे ब्राह्मणांचा. ते बरोबरीचे ब्राह्मण आहेत का, त्यांच्याबरोबर पंगतीला बसायचं का? निकाल देवरुख्यांच्या बाजूनं लागला. पण प्रश्नाची रचना बघा. ‘हे आपल्यातले आहेत का?’ विचारणारे एक, उत्तर देणारे दुसरे, आणि ज्यांच्याबद्दल विचारलंय ते तिसरेच.

आता ह्याच रचनेत कोकणातले ज्यू टाका.

शनिवार तेली

रायगड जिल्हा, अलिबागजवळचं नवगाव. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की फार पूर्वी इथल्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि हा समाज त्यांचा. गावोगाव पांगले, तेल गाळायचा धंदा धरला. शनिवारी घाणा बंद. म्हणून गावानं नाव दिलं ‘शनिवार तेली’. किहीमचा तो किहीमकर, दिव्याचा तो दिवेकर. पुस्तकं नव्हती, रब्बी नव्हते. जे आठवत होतं ते पाळत होते: शनिवारची सुट्टी, आठव्या दिवशी मुलाची सुंता, काही उपास, आणि ‘शेमा’ ही मुख्य प्रार्थना.

जगाला त्यांच्याबद्दल कळलं तेही पत्रांतूनच. बाराशे सालाच्या आसपास इजिप्तमधले थोर पंडित मायमोनिडीस यांनी फ्रान्समधल्या लुनेल गावच्या रब्बींना एक पत्र लिहिलं. त्यात भारतातल्या ज्यूंबद्दल एवढंच आहे, की त्यांना शनिवार आणि सुंता सोडून काही माहीत नाही. ते नेमके कोकणातले होते का, ह्यावर अभ्यासकांत वाद आहे. पुढे १७६८ मध्ये कोचीनचे व्यापारी यहेज्केल रहाबी यांनी हॉलंडच्या टोबियास बोआस यांना लिहिलं: मराठ्यांच्या मुलखात बेने इस्राएल म्हणून लोक आहेत, तेल गाळतात, काही सैन्यात आहेत, शेमा म्हणतात, शनिवार पाळतात.

दोन्ही पत्रांत वर्णन बरोबर आहे, पण सूर कसा आहे? ‘त्यांना काय येत नाही.’ शतकानुशतकं एकट्यानं, पुस्तकाशिवाय काय टिकवलं, ह्याची मोजदाद करायला पत्रात जागा नाही.

समाज मात्र बसून राहिला नाही. मुंबईत १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. ते कंपनीच्या सैन्यात अधिकारी होते. कोचीनहून शिक्षक आले, हिब्रू शिकवलं. एकोणिसाव्या शतकात जोसेफ यहेज्केल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या. १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू-मराठी ‘हग्गादा’ छापला गेला, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायचं पुस्तक. बायबलच्या कथांवर मराठी कीर्तनं व्हायला लागली. हो, कीर्तनं!

बगदादहून आलेले शेजारी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत दुसरे ज्यू आले. बगदादचे व्यापारी. सगळ्यात मोठं नाव डेव्हिड ससून. पुण्यात राहणाऱ्यांना ससून रुग्णालय माहीत आहे, कॅम्पातलं लाल देऊळही माहीत आहे. ते त्यांचंच. बेने इस्राएलांचं पुण्यातलं प्रार्थनामंदिर वेगळं, रास्ता पेठेत.

वेगळं का? कारण बगदादी मंडळी ह्यांना बरोबरीचं मानायला तयार नव्हती. १८३६ मध्ये बगदादी मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की दफनभूमीत मध्ये भिंत बांधून द्या. मेल्यावरही वेगळं. पुढे रंगूनमध्ये बगदादींच्या प्रार्थनामंदिरात मतदानाचा आणि निवडून येण्याचा हक्क नाकारला गेला, तेव्हा बेने इस्राएल थेट हायकोर्टात गेले आणि १९३५ मध्ये जिंकले.

पण लग्नाचा निकाल कोर्ट देत नाही, रब्बी देतात. आणि रब्बींना पत्र कोण लिहिणार? ज्याची बगदाद-जेरुसलेमला ओळख आहे तो. मुंबईहून प्रश्न गेले. वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या रब्बींनी उत्तरं दिली आणि ती एकसारखी नव्हती. काहींनी सांगितलं, हे पूर्ण ज्यू आहेत, खुशाल लग्न करा. काहींनी सांगितलं, शंका आहे, करू नका.

शंका कसली? इथे तर्क ऐका, मजेशीर पण भयंकर आहे. ‘हे ज्यूच नाहीत’ अशी शंका असती तर उपाय सोपा होता, विधी करून आत घ्यायचं. खरी अडचण उलटी. ते ज्यू आहेत, म्हणून त्यांची लग्नं कायद्यानं खरी. पण त्यांच्याकडे रब्बी नव्हते, ‘गेट’ लिहिणारा कुणी नव्हता. मग जुन्या काळी कुणाचा घटस्फोट झाला असेल तर तो खोटा. ती बाई विवाहितच राहिली. तिनं पुन्हा लग्न केलं असेल तर मुलं मामझेर. आणि ती कोण हे माहीत नाही, म्हणून शंका सगळ्यांवर. प्रोग्रामिंगच्या भाषेत, एक फंक्शन चालतं आणि त्याला उलटवणारं फंक्शन चालत नाही, म्हणून अख्ख्या डेटाबेसवर संशय.

ह्यावर समाजाचं उत्तर होतं. आमच्यात घटस्फोट जवळजवळ नव्हतेच. आणि शेजारच्या हिंदूंसारखीच विधवा पुन्हा लग्न करत नसे. मग हे मामझेर आले कुठून? म्हणजे जो रिवाज आज आपण अन्यायाचा म्हणतो, तोच इथे बचावाचा पुरावा झाला. आणि ज्यू कायद्यातच जुनं तत्त्व आहे, की एखाद्या कुटुंबात पूर्वी काही मिसळलं असेल आणि ते आता कुणाला माहीत नसेल, तर उकरायला जाऊ नये. उगाच नाही ते तत्त्व. प्रत्येकाचं सात पिढ्यांचं उकरलं तर उरणार कोण?

म्हणजे त्याच कायद्यात दोन्ही रस्ते होते. कोणता घ्यायचा, हे ठरलं प्रश्न कसा विचारला त्यावर आणि उत्तर देणाऱ्याच्या मनावर.

१९६२: आईची आई, तिची आई…

१९४८ नंतर बेने इस्राएल हजारोंनी इस्राएलला जायला लागले. तिथे लग्न म्हणजे रब्बींच्या कार्यालयात नोंद. दुसरा मार्ग नाही. आणि काही ठिकाणी नोंदणी करणारे रब्बी अडवायला लागले: तुम्ही भारतातले ना, मग थांबा.

१९६१ मध्ये मुख्य रब्बींच्या मंडळानं सांगितलं, ह्यांच्याशी लग्नाला मनाई करायला आधार नाही. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण १९६२ च्या फेब्रुवारीत मुख्य रब्बी इत्झाक निस्सीम यांच्याकडून नोंदणी करणाऱ्यांना सूचना गेल्या. बेने इस्राएल माणूस दुसऱ्या समाजातल्या ज्यूशी लग्न करत असेल, तर त्याची आई, आजी आणि शक्य तितकं मागे जाऊन तपासा. कुणी ज्यू नसलेलं आलंय का? कुणाचा घटस्फोट होऊन पुन्हा लग्न झालंय का?

जरा विचार करा. बीरशेबाच्या कारखान्यात काम करणारी, मुंबईहून आलेली बावीस वर्षांची मुलगी. तिला विचारतात, तुझ्या पणजीचं लग्न कुणी लावलं? पणजी पेणजवळच्या कुठल्यातरी खेड्यात तेल गाळायची. कोण कागद ठेवणार? समोरच्या रोमानियाच्या किंवा मोरोक्कोच्या मुलाला हा प्रश्न नाही. त्याच्या पणजीकडेही कागद नसेल, पण त्याच्यावर कुणी पत्र लिहिलं नव्हतं. फरक एवढाच.

ह्यालाच म्हणतात पुराव्याचं ओझं. ते कुणाच्या डोक्यावर ठेवायचं हे ठरलं, की अर्धा निकाल तिथेच लागतो.

१९६४: पत्राचं उत्तर रस्त्यावर

लोकांनी अर्ज दिले, शिष्टमंडळं नेली. मग १९६४ च्या उन्हाळ्यात शेकडो बेने इस्राएल जेरुसलेमला आले आणि ज्यू एजन्सीच्या इमारतीसमोर ठाण मांडून बसले. बायका, मुलं, म्हातारे. धरणं कसं धरायचं हे भारतातून आलेल्यांना शिकवावं लागत नाही.

ऑगस्टमध्ये संसदेचं खास अधिवेशन बोलावलं गेलं. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारनं भूमिका मांडली, की बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू आहेत, लग्नाच्या बाबतीतसुद्धा, कुठलाही फरक नाही. संसदेनं ती मान्य केली. त्यानंतर महिना संपायच्या आत रब्बींनी सूचना बदलल्या. ‘बेने इस्राएल’ हे नाव काढलं. ज्या कुणाच्या बाबतीत खरोखर शंका असेल त्याची तपासणी करा, असं सर्वसाधारण वाक्य घातलं.

बघायला गेलं तर दोन शब्द काढले. नियम तोच राहिला. पण नाव गेल्यामुळे अख्ख्या समाजावरचा शिक्का गेला. आता शंका घ्यायची तर त्या एका माणसाबद्दल, कारण देऊन घ्यावी लागणार. म्हणजे गोष्ट परत तिथे आली जिथे ती पहिल्यापासून असायला हवी होती: एक माणूस, एक अडचण, एक उत्तर.

मला ह्यात रब्बींना खलनायक करायचं नाही. मोशे सोफेर यांच्यासारखे लोक रात्र रात्र जागून नवरा हरवलेल्या बाईला मोकळं करायची वाट शोधायचे, हेही त्याच पत्रांत आहे. समोर एक बाई, तिचं दुःख, तिची हकिगत, असं पत्र आलं की कायदा मायाळू व्हायचा. ‘ते भारतातले लोक’ असं पत्र आलं की कायदा कडक व्हायचा. पत्रात माणूस किती दिसतो, ह्यावर खूप काही ठरतं.

मग आपलं काय?

आता लातूर-नांदेडवर येऊ. महाराष्ट्रात जातपडताळणीचा कायदा आहे, २००० चा. त्यात स्पष्ट लिहिलंय की दावा सिद्ध करायची जबाबदारी दावा करणाऱ्यावर. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली. तेव्हा आपण सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं: निजामाच्या काळातली दप्तरं, मोडी आणि उर्दू नोंदी, भिंगं लावून वाचणारे लोक. कधीतरी कुणा कारकुनानं घाईत लिहिलेल्या एका शब्दावर आज कुणाची तरी ॲडमिशन.

हे दोन्ही एकच आहे असं मी म्हणत नाही. तिकडे लग्नाचा हक्क नाकारला जात होता, इकडे सवलत खऱ्या माणसापर्यंत जावी म्हणून तपासणी आहे, आणि खोटे दाखले निघतात हेही खरं. आरक्षणाच्या राजकारणावर मी इथे मत देत नाही, कमेंटमध्ये भांडू नका. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. ज्याच्या घरी पिढ्यानपिढ्या कागद होते, त्याला आपण कोण हे सांगणं सोपं जातं. ज्याच्या पणजीला अंगठा द्यावा लागला, त्याला अवघड जातं. कागद नसणं हा खोटेपणाचा पुरावा नाही. बेने इस्राएलांना हे पटवून द्यायला पिढ्या गेल्या आणि शेवटी रस्त्यावर बसावं लागलं.

म्हणून एक काम सांगतो, फोन हातात आहेच. घरातली जुनी पत्रं, दाखले, खरेदीखतं, लग्नपत्रिका ह्यांचे फोटो काढा. पण नुसता फोटो काढून गॅलरीत टाकू नका. कुणी लिहिलं, कुणाला, कधी, आणि कशासाठी, हे आजी-आजोबा आहेत तोवर विचारून त्या फोटोच्या नावातच लिहा. शेवटचं ‘कशासाठी’ सगळ्यात महत्त्वाचं. उत्तराचा कागद कुठे ना कुठे सापडतो. प्रश्न काय होता, हे सांगणारं माणूस नंतर सापडत नाही. कागदच नसतील तर आजीला बोलतं करा आणि रेकॉर्ड करा. लग्न कुठल्या गावी झालं, कुणी लावलं, वऱ्हाड कशानं आलं. दहा मिनिटं पुरे.

आणि कधी तुमच्यावर वेळ आली, म्हणजे ऑफिसात, गावात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, की ‘ते लोक’ चालतील का, तर उत्तर द्यायच्या आधी एवढंच विचारा: त्यांना बोलावलंय का?

पुढच्या भागात मोडीवर बोलू. बऱ्याच जणांनी विचारलंय की मोडी शिकायला किती दिवस लागतात आणि मोबाइलवर शिकता येते का. तुमच्या घरी मोडीतला एखादा कागद असेल तर फोटो पाठवा. नावं आणि गट नंबर झाकून पाठवा, बरं का. भेटू मग. नमस्कार.